चिमूटभर जस्त

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. घराला कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ते ओढून बघणारा मी माणूस. काल रात्री काय जेवलो, हे बायकोला विचारावं लागतं. पण लॅबमधले किस्से मात्र साठत जातात, तळघरात जुनी वर्तमानपत्रं साठावीत तसे. कुणी ठेवत नाही, पण कुणी टाकतही नाही. जुनी माणसं भेटली की एक निघतो, त्याला दुसरा चिकटून येतो. आणि घरी परतताना मला शंका येते, हे खरंच असं घडलं होतं, की सांगून सांगून असं झालंय?

तेव्हा जिथे खात्री नाही तिथे तसं म्हणेन. बाकीचं खरं धरून चाला.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. नोकरीची शेवटची वर्षं होती. इमारतीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. मी तिला रिसर्च लॅब म्हणायचो, बाकीचे 'मागची खोली' म्हणायचे. तिथे आम्ही तिघं. मी, परदेशात दोन वर्षं राहून, दोन पदव्या जास्त घेऊन आलेला आणि तरीही दर वाक्याला 'बहुतेक' म्हणणारा. कल्पना, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, उंब्रजजवळच्या हायस्कुलात सायन्स शिकवणारी. आणि हणमंतराव, आमचे लॅब अटेंडंट. कोरेगाव तालुक्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

कल्पनाचा विषय होता उसाच्या पाणथळ रानातले जिवाणू. जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते. हवा संपली की काही जिवाणू चक्क नायट्रेटवर श्वास घेतात. त्यातले बरेचसे त्या नायट्रेटचा वायू करून टाकतात, म्हणजे शेतकऱ्यानं घातलेलं खत आभाळात! पण काही जिवाणू निराळे. ते नायट्रेटचा अमोनिया करतात, आणि तो मातीला धरून राहतो. असे जिवाणू आपल्या भागात आहेत का, हे तिला शोधायचं होतं. मातीतून एकसष्ट वाण तिनं वेगळे काढले होते.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, शाळेनं दोन वर्षांची रजा दिलीय. परत मिळणार नाही. दोन वर्षांनी जूनमध्ये शाळा उघडायच्या आत प्रबंध गेला तर गेला. नाहीतर तो ट्रंकेत आणि मी आठवी 'ब'मध्ये."

त्या दिवसापासून मला झोप नाही. तिला मात्र लागायची, असं तिची मिरजेची मावशी सांगायची. सोमवार ते शनिवार ती त्यांच्याकडे राहायची.

* * *

हणमंतराव रोज सकाळी जिवाणू उबवायचं कपाट उघडून नळ्यांची गिनती घ्यायचे. गिनती हा शब्द त्यांचा, फौजेतला. बोट फिरवत मोजायचे आणि दारामागच्या पाटीवर खडूनं लिहायचे, 'हाजिर ६१'.

हिवाळ्यातल्या एका सकाळी साठच भरल्या. सत्तावीस नंबर गायब! तो आमचा सगळ्यात नाजूक वाण. कल्पनाचा चेहरा उतरला. कपाटाखाली बघितलं, सिंकमध्ये बघितलं, फुटलेल्या काचांचा डबा पालथा केला. मीही शोधत होतो, सगळ्यांपेक्षा जास्त घाबरून.

अर्ध्या तासानं हणमंतराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले, टाचा जुळवून.

"सायेब, स्वेटरचा आतला खिसा बघा."

खिशात, पेनाच्या शेजारी, सत्तावीस नंबर!

आदल्या संध्याकाळी लाइट गेली होती. कपाट थंड पडेल या भीतीनं मी ती नळी अंगाच्या उबेला ठेवली, आणि तशीच घरी घेऊन गेलो. जेवलो, झोपलो, उठलो, आलो. स्वेटर अंगातच. विज्ञानाच्या पुस्तकात ही पद्धत कुठे दिलेली नाही, पण त्या आठवड्यात सत्तावीस नंबर जितका जोमानं वाढला तितका पुन्हा कधी वाढला नाही.

मी पाटीकडे बघितलं. हणमंतरावांनी खडूनं लिहिलं होतं, 'हाजिर ६०. छुट्टीवर १. सायबाच्या संगं.'

* * *

अमोनिया ओळखायचं एक द्रावण असतं. अमोनिया भेटला की ते पिवळं पडतं, जास्त भेटला की तपकिरी. फार हळवं असतं. माझ्यासारखंच, लहानशा गोष्टीनं रंग बदलणारं.

तर एकदा काय झालं, ज्या नळीत जिवाणू घातलेच नव्हते तीही पिवळी पडायला लागली. जिवाणू नाहीत तर अमोनिया आणला कुणी? मी पाणी बदललं, नळ्या बदलल्या, साबण बदलला. शेवटी कल्पनाला म्हटलं, "बहुतेक माझ्या हाताचा घाम असेल. तूच कर." तिनं केलं तरी पिवळं. मी तीन दिवस घरी कुणाशी बोललो नाही.

चौथ्या दिवशी हणमंतराव म्हणाले, "सायेब, सकाळी धाला केलं तर पिवळं पडत न्हाई. अकराला केलं की पडतंय. अकराला काय असतंय?"

"काय असतं?"

"मधली सुट्टी. आन ह्या खिडकीच्या मागं काय हाय?"

खिडकीच्या मागं मुलांची मुतारी होती.

परदेशातून आणलेली माझी सगळी विद्या त्या खिडकीपाशी संपली! पण आता करायचं काय? प्रयोग अकरा ते एक असाच बसत होता. हणमंतराव म्हणाले, "दोन घंटं फकस्त. मी ड्यूटी करतो." आणि खरोखर मुतारीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, विश्राम पोझिशनमध्ये. पोरांना गेटजवळच्या दुसऱ्या मुतारीकडे पिटाळत होते.

पाऊण वाजता आमचे प्रिन्सिपॉल आले. मधुमेह असलेला माणूस, घाईत होता.

"सायेब, हितं बंद हाय."

"अहो, मी आहे!"

"वळखलं सायेब. पर आत बाईंच्या नळ्या चालू हायत्या."

प्रिन्सिपॉलांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला. "किती वेळ?"

"रंग न्हाई आला तर पंधरा मिन्टं," हणमंतराव म्हणाले. "आन आला, तर मग तुमी कवाबी जावा सायेब, काय फरक पडत न्हाई!"

रंग आला नाही. प्रिन्सिपॉल गेटपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला काच आणि पुट्टी बसवायची मंजुरी स्वतः सही करून आणून दिली. तीन वर्षं मी तिच्यासाठी अर्ज करत होतो.

* * *

माती आम्हाला आप्पासाहेबांच्या रानातनं यायची. सांगलीजवळच्या एका गावातले जैन शेतकरी. कृष्णेकाठी त्यांची ऊसशेती, त्यातला एक कोपरा कायमचा पाणथळ. तिथली माती ते स्वतः पिशवीत भरून मोटरसायकलवरून आणून द्यायचे. दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं असतं म्हणून कायम घाईत.

एकदा त्यांनी कल्पनाला विचारलं, "बाई, काम झाल्यावर ह्या जिवाणूंचं काय करता?"

कल्पना सरळ स्वभावाची. तिनं कोपऱ्यातला मोठा कुकर दाखवला. "ह्यात घालून वाफ देतो, आप्पा. सगळे मरतात."

आप्पासाहेब खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "सर, तुमी गेल्या टायमाला सांगितलं, जे खत उडून जातंय ते ही धरून ठेवत्यात. माझ्या रानात राबणारी माणसंच की ही! आन मी त्यास्नी पिशवीत घालून हितं मरायला आणून देतोय व्हय?"

नळीतले जिवाणू मारावेच लागतात, नियम आहे. पण जी माती आम्ही उघडलीच नाही, तिला तो नियम लागू नव्हता. दर खेपेला आम्ही निम्मी पिशवी वापरायचो, उरलेली फेकून द्यायचो. मी म्हटलं, "उरलेली माती परत नेता का?"

तेव्हापासून तसाच रिवाज पडला. नवी पिशवी यायची, जुनीतली उरलेली माती परत जायची, ओलसर ठेवलेली, तोंड सैल बांधलेली. पहिल्या खेपेला आप्पासाहेबांनी पिशवी हातात घेऊन तिच्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सगळी हायती न्हवं?"

खरं उत्तर काय द्यावं? तेवढ्यात मागून हणमंतराव म्हणाले, "घेऊन जावा, आप्पा. दोन महिनं ओलाव्यात ठेवल्यात. बाळातपण करून धाडल्यात!"

* * *

रजेचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा कल्पनाच्या सासूबाईंनी उंब्रजला तिला एका रविवारी धरलं. "सारखी सांगलीला जातीस, नक्की करतीस काय गं तिथं?"

पुढं स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. कल्पनानं त्यावरच समजावलं. नायट्रेटला ऑक्सिजनचे तीन दाणे चिकटलेले असतात. जिवाणूकडे दोन एन्झाइम असतात. पहिलं त्यातला एकच दाणा काढतं आणि सोडून देतं. दुसरं उरलेले दोन काढतं, त्या जागी हायड्रोजन बसवतं, आणि अमोनिया तयार करूनच थांबतं. मध्ये कुठेही हातातनं सोडत नाही. बहुतेक जिवाणूंकडे पहिलंच असतं. दुसरं असलेले थोडे.

सासूबाई शेंगा फोडता फोडता ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे दोन जावा म्हण की! थोरली एक शेंग फोडती आन 'माझं झालं' म्हणून उठती. धाकटी बिचारी बसून निवडती, भाजती, कूट करती, डब्यात भरती, तवाच उठती."

"हां, अगदी तसंच!"

"मग त्याला दोन वर्सं कशाला लागत्यात?" सासूबाईंनी हातातलं फोलपट टाकलं. "मला लगीन झाल्यावर आठ दिसांत कळलं हुतं, कोण थोरली ते!"

सोमवारी कल्पनानं हे लॅबमध्ये सांगितलं, आणि त्या दुसऱ्या एन्झाइमचं लांबलचक नाव आमच्या खोलीतून कायमचं गेलं. हणमंतराव नळी उजेडात धरून विचारायचे, "बाई, हिच्यात धाकटी जाऊ हाय का न्हाई?"

* * *

आता थोडं शास्त्र. हा परिच्छेद गाळू नका, पुढचं सगळं त्यावर आहे.

जिवाणू नायट्रेटच्या पाण्यात वाढवायचे आणि मग त्यात दोन औषधं टाकायची. नळी लाल झाली, तर जिवाणू अर्ध्या वाटेत, नायट्राइटपाशी थांबलाय. लाल झाली नाही, तर दोन शक्यता. एक तर त्यानं कामच केलं नाही, नायट्रेट तसंच पडून आहे. किंवा तो नायट्राइटच्याही पुढे गेलाय. हे ओळखायला चिमूटभर जस्ताची पूड टाकतात. नायट्रेट पडून असेल तर जस्त त्याचं नायट्राइट करतं आणि नळी लाल होते. म्हणजे जिवाणू आळशी. जस्त टाकूनही लाल झाली नाही, तर नायट्रेट संपलंय. वायू करणारे तर आम्ही बुडबुड्यांवरून आधीच बाजूला काढायचो, म्हणजे हा जिवाणू कामाचा!

पण जस्त जास्त पडलं तर ते नायट्राइटचाही अमोनिया करून टाकतं. मग आळश्याची नळीही लाल होत नाही आणि आळशी कामाचा ठरतो. हे मी दर वर्षी वर्गात बजावून सांगायचो. हणमंतराव मागे उभं राहून दर वर्षी ऐकायचे. त्यांचं पाठ झालं होतं.

जस्त मोजायला आमच्याकडे पितळेचं कानकोरणं होतं. एवढा लहान चमचा कुठल्या कॅटलॉगात मिळेना, तेव्हा हणमंतरावांनी बाजारातून पाच-सहा कानकोरणी आणून काट्यावर तपासून एक निवडलं होतं. एका वेळी बरोबर वीस मिलिग्रॅम, पुस्तकात लिहिलंय तेवढं. आणि जस्त फक्त मी टाकायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही, कल्पनालासुद्धा.

एकदा टाकायचो. मग वाटायचं, पडलं का नीट? काठाला तर चिकटलं नाही? आणि खात्रीसाठी अजून एकदा टाकायचो. कुलूप दोनदा ओढायचं तसं. प्रत्येक नळीत. वर्षानुवर्षं!

हे माझ्या कधी लक्षात यावं? कल्पनाच्या रजेचे सहा आठवडे उरलेले असताना. घरी पेपर तपासत होतो. एका पोरानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'जस्त जास्त झाल्यास निष्कर्ष चुकीचा येतो.' मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

एकसष्टांपैकी नऊ वाण आमच्या हिशेबानं कामाचे होते. अख्खा प्रबंध त्या नऊंवर उभा. त्या नळ्यांना पिवळा रंग आला होता खरा, पण जिवाणूंच्या खाण्यातल्या प्रथिनांनीही तो येऊ शकतो. खरी चाळणी जस्ताचीच. आणि जस्त मी दुप्पट टाकलेलं!

सकाळी मी दोघांना सांगितलं. कल्पना म्हणाली, "परत करायला किती दिवस लागतील, सर?"

"तीन आठवडे. बहुतेक."

"मग लिहायला तीन राहतात," ती म्हणाली. आवाज सरळ होता, पण हातातलं पेन ती उघडत होती, मिटत होती.

हणमंतराव म्हणाले, "सायेब, परत करायची गरज न्हाई. आकडं बरोबर हायती."

"हणमंतराव, तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

हे मी बोललो. यात 'बहुतेक' नाही. शब्द न् शब्द आठवतो.

ते टाचा जुळवून म्हणाले, "व्हय, सायेब." आणि बाहेर जाताना कल्पनाला हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, "करून टाका बाई. सायबास्नी झोप तरी लागंल."

* * *

ते तीन आठवडे मी व्हरांड्यात स्टुलावर बसून काढले. आत जायची मला बंदी होती. बंदी मीच घालून घेतली होती, पण अमलात हणमंतराव आणायचे. मी दाराशी गेलो की ते आडवे उभे.

"नुसतं बघतो हो!"

"बघून तुमी हात घालणार. बसा सायेब. च्या सांगतो."

कल्पना नवं जस्त काट्यावर मोजून, कागदाच्या पुड्या बांधून वापरत होती. एकसष्टच्या एकसष्ट वाण. मावशीकडून डबा यायचा तो चार वाजता उघडायची. एकदा आप्पासाहेब माती द्यायला आले, मला व्हरांड्यात बघून त्यांना वाटलं मला कॉलेजातनं काढलं. कुणाला काही न बोलता दुसऱ्या दिवशी केळीचा घड आणून माझ्या स्टुलाशेजारी ठेवून गेले!

एकविसाव्या दिवशी कल्पना बाहेर आली. हातात वही.

"सर, नऊ."

"कोणते नऊ?"

"तेच नऊ. बाकीचे बावन्नही होते तसेच. एकही नळी बदलली नाही."

"परत बघ."

"दोनदा बघितलं, सर."

"पण मी तर दुप्पट टाकलं होतं! आळशी कुणीतरी त्या नऊंत घुसायलाच हवा होता!"

कल्पना हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "सर, आपलं बरोबर आलंय. आता त्याचंही वाईट वाटून घेणार का?"

घेतलं. पण तिनं प्रबंध लिहिला. शाळा उघडायच्या चार दिवस आधी तो जमा झाला.

* * *

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. नाव मोठं, चष्मा जाड, चेहऱ्यावर हसू नाही. कल्पना शाळेतून एक दिवसाची सुट्टी काढून आली होती. मी पहिल्या रांगेत, रुमाल पिळत. हणमंतराव मागे, इस्त्रीच्या कपड्यांत.

कल्पना इंग्रजीत छान बोलत होती. पहिलं एन्झाइम झालं, नायट्राइट झालं, आणि मग ती त्याच ओघात म्हणाली, "ॲण्ड देन, धाकटी जाऊ टेक्स ओव्हर."

कल्पना लाल झाली, जस्त न टाकता!

बाईंनी चष्मा काढला. "व्हॉट टेक्स ओव्हर?"

आता लपवणार काय? कल्पनानं सगळं सांगितलं, सासूबाई, शेंगा, फोलपटं. मराठीत. मी डोळे मिटून घेतले होते. तिची दोन वर्षं वाया गेली, असं मनाशी मोजतही होतो.

बाईंनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "दोन्ही एन्झाइमचं काम इतकं स्पष्ट मी कुठे ऐकलं नव्हतं. माझी हरकत नाही. फक्त एक विनंती. घरी मी थोरली आहे. हे आमच्या धाकटीच्या कानावर जाऊ देऊ नका!"

कल्पना डॉक्टर झाली. हणमंतरावांनी हॉलच्या दाराशी तिला कडक सॅल्यूट ठोकला. आणि तिनं आधी वाकून त्यांना नमस्कार केला. मग मला.

* * *

मला आनंद झाला होता, पण एक गोष्ट आत कुरतडत होती. मी दुप्पट जस्त टाकलं, तर निकाल बिघडायला हवे होते. बिघडले नाहीत. म्हणजे मी दुप्पट टाकलंच नव्हतं. म्हणजे जी गोष्ट मला इतकी लख्ख आठवत होती, ती घडलीच नव्हती! मग मला आठवतंय ते बाकीचं काय?

मी मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, कागदावर घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून पुन्हा विचारले. मी सगळं बरोबर केलं, आणि त्यांना ते पुन्हा तपासायला लावलं.

डॉक्टर म्हणाले, "सर, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे."

"मग दोन कानकोरणी?"

"कान दुखतोय का?"

त्यांना काय सांगणार! फी देऊन घरी आलो. त्यानंतर अनेक वर्षं मी कुठलीही आठवण सांगताना आधी माफी मागून घ्यायचो. वरती मागितली तशी.

* * *

पुढे मी निवृत्त झालो. हणमंतरावही त्यांच्या गावी परतले. कल्पना आता कराडच्या एका कॉलेजात शिकवते.

तीन वर्षांपूर्वी आमची ती मागची खोली पाडली. तिथल्या क्लार्कनं माझं म्हणून जे काही सापडलं ते एका खोक्यात घालून घरी पाठवलं. जुन्या वह्या, एक तुटका चष्मा, जस्ताची बाटली, आणि तिच्या मानेला दोऱ्यानं बांधलेलं ते कानकोरणं. इतक्या वर्षांच्या जस्तानं काळं-करडं पडलेलं. बायकोनं ते चिंचेनं घासून पितळ पिवळं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाटीतलं काही निघत नाही हो," ती म्हणाली.

मी भिंग घेतलं. सगळं कानकोरणं पिवळं होतं. वाटीचा तळ मात्र पांढरट. आत कथलाचा थेंब ओतून, घासून सपाट केलेला. वाटी निम्मी भरलेली. वरून जस्ताची पूड बसली की करड्यात करडं, कुणाला दिसणार?

मी हणमंतरावांच्या गावी फोन लावला. आधी पाऊसपाणी झालं, गुडघे झाले, नातू भरतीची तयारी करतोय ते झालं. मग मी विचारलं, "हणमंतराव, त्या कानकोरण्यात कथील कसलं?"

पलीकडे कुठेतरी कोंबडं ओरडत होतं.

"लय जुनी गोष्ट झाली, सायेब," ते म्हणाले. "वजन करून बघा की. माझ्या बोलण्यावर तुमी कवा इस्वास ठिवला!"

दुसऱ्या दिवशी कानकोरणं खिशात घालून एसटीनं कराडला गेलो. कल्पनानं तिच्या लॅबमधला काटा मोकळा करून दिला, खुर्ची दिली, आणि जवळ उभी राहिली. मी माझ्या सवयीनं जस्त घेतलं. एकदा टाकलं. मग अजून एकदा.

दहा वेळा मोजलं. दहाही वेळा, दोन्ही मिळून, वीस मिलिग्रॅम.